एल्वाचं उलटं गाव

एल्वा पेंगलीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मला धोबीण वाटली. हसा, हसा. सगळं गाव हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

माझं नवं लग्न, नवऱ्याची हॉब्स वेल या गावच्या बँकेत बदली, सामानाच्या पेट्याही अजून उघडल्या नव्हत्या. मागच्या गल्लीतून चालले होते, तर एका शेडचं दार उघडं. आत एक बाई बाह्या कोपरापर्यंत सारून कपडे पिळायचा जुना चरक फिरवत होती. तोच तो, दोन लाकडी रुळांचा, ज्यात ओली चादर घातली की पलीकडून पापड होऊन बाहेर येते. डोक्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर चिमट्यांनी अडकवलेलं काहीतरी पांढरं पांढरं. मी म्हटलं, चला, धुण्याची सोय झाली. दुसऱ्या दिवशी माहेरच्या दोन मोठ्या चादरी ओल्याच टोपलीत घालून तिच्यापुढे नेऊन ठेवल्या आणि विचारलं, "काय घेतेस एका चादरीचे?"

तिनं चादरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळावरची शाई मनगटानं आणखी पसरवली आणि म्हणाली, "गुरुवारी ये."

गुरुवारी गेले. चादरी एकदम कडक, घडी घातलेल्या. घरी येऊन उघडल्या तर प्रत्येकीच्या कोपऱ्यात काळ्या शाईनं छापलेला एक गलाह! आता गलाह म्हणजे आमच्या तारांवर थव्यानं बसून कलकल करणारा गुलाबी-करडा काकाकुवा. पण अक्कल नसलेल्या माणसालाही आम्ही गलाहच म्हणतो. एवढा शहाणा निरोप मला आजवर कुणी पाठवलेला नाही. त्या चादरी विरल्या, पण गलाह अजून शाबूत आहेत. धुऊन जात नाहीत मेले.

तर ही एल्वा. चित्रं काढायची आणि ठसे कोरून छापायची. चरक तिच्या आईचा होता. आईच्या हाताला तो झेपेना तेव्हा हिनं तो शेडमध्ये ओढत नेला आणि त्यात कपड्यांऐवजी कागद घालायला लागली. ठसे कोरायला लिनोलियम, म्हणजे जमिनीवर पसरायचं जाड मेणकापड, लागतं, ते तरी कुठून आणलं? आईच्याच स्वयंपाकघराच्या जमिनीवरचं! पहिला तुकडा चुलीखालचा, म्हणजे दिसू नये म्हणून. मग कपाटाखालचा. मग दाराआडचा. बापाचा मेंढ्यांची खुरं कापायचा चाकू घेऊन बसायची. एक दिवस आईनं टेबल सरकवलं तर खाली नुसत्या फळ्या. एल्वा सांगते, "त्या दिवशी मार खाल्ला तो माझा पहिला जाहीर सत्कार."

पोरगी जन्माची डावरी. त्या काळी शाळेत डावरं असणं म्हणजे काहीतरी लागीर झाल्यासारखंच. बाई फूटपट्टी घेऊन बोटांवर मारायच्या. त्यात ही लिहायची तेही उजवीकडून डावीकडे, अक्षरं आरशात बघावीत तशी उलटी. मार खाऊन खाऊन शेवटी उजव्या हातानं सरळ लिहायला लागली. आणि गंमत बघा. कोरीव छपाईत काय लागतं? उलटं लिहिता येणं! ठसा उलटा कोरला तरच कागदावर सरळ उठतो. म्हणजे देवानं दिलेली कला शाळेनं झोडपून काढली आणि मग गावानं तिला पहिलं काम दिलं ते शेतकी जत्रेच्या जाहिरातीचं. हिनं शाळेत शिकवल्याप्रमाणे नीट सरळ अक्षरं कोरली. छापून आली सगळी उलटी. लावायला दुसरी जाहिरात नव्हती, मग तीच लावली. त्या वर्षी ज्यांनी केस कापायच्या दुकानात बसून समोरच्या आरशात जाहिरात वाचली, ते बरोबर दिवशी जत्रेला आले. बाकीचे अंदाजानं आले.

पुढे टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून साठवलेल्या पैशांवर ती मेलबर्नला शिकायला गेली. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, बाई, समोर आरसा ठेव, आरशात दिसतं तसं कोर. हिनं शेडमध्ये आरसा टांगला. पण आरशात बघायचं हे तिच्या लक्षात कधी राहायचं, कधी नाही. त्यामुळे तिच्या काही चित्रांत चर्च आहे तिथं आहे, काहींत रस्ता ओलांडून पलीकडे गेलंय. एकदा मेलबर्नला प्रदर्शन भरलं तर पेपरात कुणीतरी लिहिलं की या बाई मुद्दाम गाव उलटं दाखवून माणसाच्या मनाची उलथापालथ सुचवतात. मी तो पेपर तिला वाचून दाखवला.

"खरंच मुद्दाम केलंस?" मी विचारलं.

"नाही ग. आरशावर टॉवेल वाळत घातला होता."

नंतर तिनं मोठमोठी तैलचित्रं काढली, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांची. नुसतं खुंटच खुंट, वर रेघभर आभाळ. आमच्या सभागृहात मांडली तेव्हा मी माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले, "हे एवढं मोठं पायपुसणं घ्यायचं कुणी?" ती माझ्या मागेच उभी होती. "तुझ्यासारखीनं," म्हणाली, "पाय पुसून आत येणारीनं." त्यातलं एक मेलबर्नच्या मोठ्या संग्रहालयानं घेतलं. तिथं पाय कुणी पुसत नाही, मी जाऊन बघून आले.

पण गावाचं लाडकं चित्र एकच, लिनोलियमवर कोरून छापलेलं, 'क्लॅरीचा फटका'. क्लॅरी म्हणजे एल्वाचा बाप. मी गावात यायच्या आधीच गेला, त्यामुळे मी त्याला पाहिलेला नाही. पण पबच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षं तो बॅट फिरवत उभा आहे, एक गुडघा वाकवलेला, टोपी मागे उडालेली, मागे रेल्वेचे रूळ आणि गव्हाचे सायलो, म्हणजे धान्य साठवायचे उंच मनोरे. त्याच्याखाली बसून आमच्या गावातल्या दोन पिढ्यांनी बिअर प्यायली. आणि चित्रात क्लॅरी डावरा आहे. त्यामुळे गावात कुणाचं पोर डाव्या हातानं बॅट धरायला लागलं की लोक म्हणणार, "क्लॅरीवर गेलंय."

मग परवा, म्हणजे झाली असतील काही वर्षं, सायलो रंगवायची टूम निघाली. आजूबाजूच्या गावांनी आपापले सायलो रंगवले, बघायला गाड्या भरभरून लोक यायला लागले, त्यांच्याकडे केकची दुकानं चालायला लागली. आम्हीच काय घोडं मारलंय? सभा झाली, एकमतानं ठरलं की सायलोवर क्लॅरी. मेलबर्नहून टेगन नावाची मुलगी आली, केस निळे, हातपाय चिमणीसारखे, पण क्रेनच्या पाळण्यात बसून दहा मजल्यांएवढ्या उंचीवर रंग मारायची. पहिल्याच संध्याकाळी ती पबमध्ये चित्रासमोर उभी राहिली, मग बाहेर जाऊन रुळांकडे बघून आली, पुन्हा आत.

"चित्रात सायलो रेल्वे रुळांच्या चुकीच्या बाजूला आहेत," ती म्हणाली.

"एल्वाचं असंच असतं," आम्ही म्हणालो.

"हो, पण म्हणजे अख्खं चित्रच उलटं आलंय. मग बॅट्समनही उलटा. म्हणजे हे आजोबा खरे उजव्या हाताचे असणार. मी कसे रंगवू?"

काय सांगू तुम्हाला. पबमध्ये एकदम सगळे बोलायला लागले. आणि त्या गलक्यातून एल्वाचा धाकटा भाऊ मर्व्ह उठला. मर्व्ह म्हणजे आयुष्यभर गावाच्या संघातून खेळलेला, उजव्या हाताचा, आणि दोन ग्लास झाले की "मी अगदी बाबांसारखा खेळायचो" हे ठरलेलं.

"मी इतकी वर्षं काय सांगतोय?" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "बाबा उजवेच होते! या चित्रानं घोळ घातला. त्यांच्याकडे फटका एकच. चेंडू कसाही येऊ दे, कुठंही पडू दे, ते आपला गुडघा टेकून आडवा झाडू मारायचे. अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. क्लॅरी पेंगलीकडे एकच फटका! पण उजव्या हातानं!"

"डाव्या," कोपऱ्यातून एल्वा म्हणाली. ती भोपळा घातलेल्या छोट्या पावाला, म्हणजे आमच्या स्कोनला, लोणी लावत होती.

"तू चित्र काढलंस म्हणून तुला तसं वाटतंय, एल्वा. तू आरशात बघायला विसरलीस."

एरवी एल्वानं त्याला दोन वाक्यांत जमिनीवर लोळवला असता. पण तिनं लोण्याची सुरी खाली ठेवली. स्कोन तसाच ठेवला. तेव्हाच मी ओळखलं, हे तिला लागलंय.

पुढचे दिवस गावात जो काही गोंधळ माजला तो विचारू नका. ही दोन भावंडं सोडली तर क्लॅरीला खेळताना पाहिलेले सगळे थडग्यात. एक म्हातारा शिल्लक होता तो सकाळी डावा सांगायचा, जेवणानंतर उजवा. संघाचा एकुलता एक फोटो काढून पाहिला, तर क्लॅरी हाताची घडी घालून बसलाय आणि बॅट दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर. बाकी सगळी कामं तो उजव्या हातानं करायचा, पण तशी माणसंही कधी कधी बॅट डावरी धरतात, त्यामुळे तिथूनही काही कळेना. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी माणसं हवेत बॅट फिरवून बघत होती. मी स्वतः स्वयंपाकघरात लाकडी पळी घेऊन खिडकीच्या काचेसमोर उभी राहिले. काचेतली मी डावरी, मग खरी मी उजवी, मग चित्रातली मी असते तर उलटी म्हणजे डावरी, पण काच म्हणजेच चित्र, मग... नवरा आत आला आणि म्हणाला, "सूप जळतंय, नोरीन."

शेवटी एल्वाच्या शेडवर गेले. ती चरकापाशी बसली होती, पण हातात काही नव्हतं. मी आरशावरचा टॉवेल काढून घडी घातली.

"तो बोलतो म्हणून तू एवढं मनावर घेतेस?" मी म्हणाले. "मर्व्हला परवाचं जेवण आठवत नाही."

"मलाही आठवत नाही हल्ली," ती म्हणाली. "पण शाळेत बोटं सुजवून आले होते तो दिवस आठवतो. बाबा मला अंगणात घेऊन गेले. बॅट धरली. म्हणाले, बघ, मी पण डावराच. हात बदल म्हणायची कुणाची हिंमत आहे का बघू या. आणि मारला फटका. त्या दिवसापासून कुणी कितीही मारलं तरी मला काही वाटायचं नाही." मग तिनं चरकाचा दांडा उगाच अर्धा फिरवला. "की हे मी चित्र काढल्यावर मनानं रचलं? नोरीन, पन्नास वर्षं मी ते चित्र बघतेय. बाबांचा चेहरासुद्धा आता मला माझ्याच कोरणीतला आठवतो. मर्व्ह खरं बोलत असला तर बाबांनी तसं म्हटलेलंच नाही. आणि टेगननं ते एकदा वर रंगवलं की मी मेल्यावरही ते उजवेच राहणार."

मला तर पळी घेऊनही काही कळलं नव्हतं. मी म्हणाले, "तू अंगणात म्हणालीस ना? ते अंगण आहे की अजून."

ते घर मर्व्हकडेच आहे. आम्ही तिघी गेलो, मी, एल्वा आणि टेगन. जाताना मी लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे, नेले, कारण मर्व्हच्या तोंडात केक असला की तो जरा कमी बोलतो. मागच्या अंगणात निलगिरीचा जुना बुंधा आहे, तोच त्यांचा स्टंप. एका बाजूला विटांची न्हाणी, तिला लाल-हिरव्या काचेची खिडकी. दुसऱ्या बाजूला कोंबड्यांचं पत्र्याचं खुराडं. मध्ये खेळपट्टी, म्हणजे आता मर्व्हची टोमॅटोची रोपं.

"मर्व्ह, तू चेंडू कुठून टाकायचास?" एल्वानं विचारलं.

"तिकडून, कुंपणाकडून. आणि बाबा इथं, बुंध्यापाशी. उजवे," तो म्हणाला आणि लॅमिंग्टन उचलला.

"टेगन, राणी, हा झाडू घे. बुंध्यापाशी उभी राहा. कुंपणाकडे बघ. उजव्या हाताच्या बॅट्समनसारखी. आता गुडघा टेक आणि जोरात आडवा मार."

टेगननं मारला. झाडू फिरला आणि सरळ न्हाणीच्या खिडकीकडे जाऊन थांबला.

आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. लाल काच, हिरवी काच, मधल्या काचेत एक बारका हवेचा बुडबुडा.

"खिडकी कुणी बसवली, मर्व्ह?"

"आजोबांनी. घर बांधलं तेव्हा." एवढं बोलून त्याचं चावणं थोडं मंदावलं.

"आणि काच कधी बदलली?"

"कधीच नाही. आता अशी काच मिळते कुठं? आईचा जीव होता त्या खिडकीवर."

"बरं. टेगन, आता डावरी हो."

ती वळून उभी राहिली, गुडघा टेकला, फटका मारला. झाडू खुराड्याकडे. आणि खुराड्याचा पत्रा! अहो, मी त्या अंगणात कितीतरी वेळा चहा प्यायलेय, पण त्या पत्र्याकडे कधी बघितलंच नव्हतं. पोचेच पोचे. एवढुशी सपाट जागा नाही. जणू पत्र्याला देवी आल्या होत्या.

"आई म्हणायची," एल्वा हळूच म्हणाली, "क्रिकेट सुरू झालं की कोंबड्या अंडी देणं बंद करतात."

मर्व्हनं लॅमिंग्टन गिळला. खोबरं हनुवटीला तसंच. "कट मारला असेल," तो म्हणाला. "उजव्या हातानं कट मारला तरी चेंडू खुराड्याकडेच जातो. विचार कुणालाही."

टेगन माझ्याकडे बघायला लागली. मी एल्वाकडे. कारण हे खरंच होतं की. माझ्या डोक्यात पुन्हा पळी, काच, डावं, उजवं सगळं गरगरायला लागलं. पण एल्वाच्या चेहऱ्यावर मला तो जुना चेहरा दिसला, चादरींकडे बघितलं होतं तेव्हाचा.

"कट," ती म्हणाली. "बाबांनी."

"का? मारू शकत नाहीत?"

"मर्व्ह, त्या दिवशी पबमध्ये टेबल बडवून काय सांगत होतास? क्लॅरी पेंगलीकडे फटका किती?"

मर्व्हनं टोमॅटोच्या रोपाचं एक पान खुडलं.

"किती, मर्व्ह?"

"...एक."

"कोणता?"

त्यानं हातानंच दाखवला. गुडघा टेकून, आडवा झाडू. त्याचा हात नकळत न्हाणीच्या खिडकीकडे गेला आणि त्यानं तो पटकन खिशात घातला.

"पण मग चित्र?" तो एकदम उसळून म्हणाला. "चित्र उलटं आलंय ना? सायलो चुकीच्या बाजूला आहेत! म्हणजे लिनोलियमवर तू बाबांना उजवं कोरलंस. म्हणजे तुलाही तेव्हा ते उजवेच वाटत होते!"

मला वाटलं, संपलं. हे तर खरंच बरोबर होतं. टेगनही डोकं खाजवायला लागली, निळा रंग नखाला लागला.

एल्वानं शांतपणे ताटलीतला शेवटचा लॅमिंग्टन घेतला. "कागदावर डावरे यावेत म्हणूनच उजवे कोरले. बाबांकडे बघताना मी आरशात बघितलं होतं."

"आणि सायलो?"

"सायलोंकडे बघताना कंटाळा आला होता."

"हे तू आत्ता रचलंस!"

"सिद्ध कर."

आता खरं काय, मला विचारू नका. तिला हे तेव्हाही माहीत होतं, की तिथं अंगणात सुचलं, ते मला आजवर कळलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. मला एवढंच दिसलं की तिनं डावा हात वर करून पत्र्यावरून फिरवला, एका पोच्यात अंगठा बसवून बघितला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मर्व्हनंही ते बघितलं. तो मेला तसा वाईट नाही. त्यालाही बापासारखं खेळायचं होतं, एवढंच.

"टेगन," एल्वा म्हणाली, "डावरे रंगव. सायलो गाळ, सायलोवर सायलो कशाला? आणि मर्व्ह, तू म्हण."

"काय म्हणू?"

"बाबा डावरे होते, म्हण."

मर्व्ह कोंबड्यांकडे वळला आणि काहीतरी पुटपुटला.

"कोंबड्यांना माहीत आहे. मला सांग."

"बाबा डावरे होते."

"मोठ्यानं. नोरीनला हल्ली कमी ऐकू येतं."

मला स्वच्छ ऐकू येतं, अजूनही. पण मी लगेच कानामागे हात धरला, पुढे वाकले आणि विचारलं, "काय म्हणालास रे, गलाहा?"

"बाबा डावरे होते!" मर्व्ह इतक्या जोरात ओरडला की खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या उडाल्या.